रस्त्याची पाठ

उत्तरेकडून बर्फाच्या नद्या सरकत आल्या तेव्हा
आजूबाजूचं सगळं रंधा मारल्यासारखं सपाट झालं.
हा एवढा तुकडा राहून गेला,
घाईच्या इस्त्रीत राहतो तसा शर्टाचा कोपरा.
म्हणून विस्कॉन्सिनच्या या अंगाला
किकापू नदी एक मैल गाठायला तीन मैल फिरते,
आणि रस्ते तिच्याहून हट्टी.
चढतात, धारेवर जरा दम खातात
की लगेच पलीकडच्या खोऱ्यात उडी.

माझ्या बापाने, ऑर्लिन टोलेफ्सरूडने,
एकतीस वर्षं काउंटीचा ग्रेडर चालवला.
पिवळा, धूर ओकणारा, ताशी चार मैल.
"रस्त्याला पाठ हवी," म्हणायचा,
"मधे चार बोटं उंच, दोन्हीकडे उतरती.
पाणी थांबलं की रस्ता गेलाच."
जेवताना बटाट्याच्या लगद्यावर
सुरीने पाठ काढून दाखवायचा,
दोन्ही कडांनी ग्रेव्ही ओघळायची.
ऑर्लिन, आई म्हणायची, अन्न आहे ते.

आता शनिवारी मिनियापोलिसहून गाड्या येतात,
टपावर सायकली बांधलेल्या.
जाड टायर अंगठ्याने दाबून बघतात पोरं
आणि आमच्या खडीची चव घेतल्यासारखं बोलतात:
कोरडी आहे, बारीक आहे,
पण त्या दुसऱ्या उतारावर जरा सैल.
बाप थक्क.
एकतीस वर्षांत खडीला कुणी बरं म्हटलं नव्हतं.
फोन यायचे ते शिव्यांचेच,
काच तडकली, अंडी फुटली,
रस्त्याच्या फासळ्या मोजता येतायत, ऑर्लिन.

पोरांना वाटा हव्या होत्या. त्याने काढून दिल्या,
बियाणं कंपनीच्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर.
चढ किती टक्के, ते कुठेच नाही.
इथे तंबाखू वाळवायचं कोठार, रिकामं. वारा डावीकडून.
इथे आमिश लोकांची बग्गी भेटेल.
घंटी वाजवू नका, घोड्याशी बोला.
इथे झरा. ग्लेन्डाला विचारून प्या.
इथे पूल होता.

ती वाट मी पहिल्यांदा धरली
तेव्हा माझं वय त्रेपन्न, सायकल भाचीची,
पोटऱ्यांत गोळे, छातीचा भाता झालेला.
दोन काठांवर दोन दगडी खांब.
मधे नदी, गुडघाभर, तपकिरी,
कशाला उठलो ते विसरलेल्या माणसासारखी.
पलीकडे एनोस बोर्नट्रेगर गवत कापत होता.
टोपी मागे सारून ओरडला,
"ऑर्लिनची मुलगी ना?"

मग त्याने नदीवरून, थांबून थांबून,
मला सांगितलं पुराच्या रात्रीचं.
अलीकडच्या काठावर ग्रेडर उभा होता,
दिवे लावलेले, पहाटेपर्यंत,
काळोखात कुणी पुढे जाऊ नये म्हणून.
"पहिली बग्गी आमची आली.
पाच जण होतो."
एवढं बोलून तो पुन्हा विळ्याकडे वळला.
घरी बाप म्हणाला होता, पाय ओले झाले.
आईने मोजे चुलीपाशी टाकले होते.

आता तो गावाबाहेरच्या आश्रमात असतो,
खिडकीबाहेर डांबर, गाड्यांचे पांढरे पट्टे.
रविवारी मी सायकलीवरून तशीच जाते.
तो वाकून माझ्या नडगीवरची धूळ
एका बोटाने पुसतो, उजेडात धरतो.
"पांढरी. म्हणजे धारेवरून आलीस."
मग विचारतो, "पाठ आहे का अजून?"
मी म्हणते, आहे.
धारेवर आहे. खाली ओढ्यापाशी
दोन खड्डे पडलेत, ते मी सांगत नाही.

तो पांघरुणावर तळहाताची कड फिरवतो,
दोन्ही बाजूंनी लोकर मधे सारत नेतो,
सावकाश, ताशी चार मैल.
नर्स येते, ओढून सरळ करते.
ती दाराबाहेर जाईपर्यंत
तो हात पोटावर ठेवून थांबतो.
मग पुन्हा डावीकडून सुरू.